वितभर

नवा ताणा आला की गौराक्काला निरोप जायचा.
वडगावात आमच्या गल्लीत सांधणीला तिचाच हात.
पदराच्या गाठीत चुलीची राख घेऊन यायची,
बोटाला लावायची, आणि जुन्या तारेचं टोक
नव्या तारेला पिळायची.
चोवीसशे तारा.
दोन दिवस मान वर नाही.

शंभरापर्यंत कन्नडात मोजायची,
गुळेदगुड्डला माहेरी तेवढंच शिकलेली.
पुढचे आकडे इथं, मागाच्या खड्ड्याशी बसून,
ते मराठीत.
मधेच कुणी हाक मारली की एकशे एकावर अडायची,
शिवी हासडून परत ओंदु, एरडु.

लहानपणी मी तिला विचारलं होतं,
आमच्या घरातला सगळ्यात पहिला ताणा
कशाला जोडला असेल?
पणजोबा पैठणचे म्हणे. आत्या म्हणते, छे, सोलापूर.
गौराक्का हसली नाही.
"फणी आणली असंल की पाठीवर. तारांसकट.
रिकामी फणी घेऊन कोण गाव सोडतंय?"

परवा माग भंगारात गेला, किलोच्या भावानं.
मी सुरतेला निघालेलो, तिकडं माग शेठचा.
तारा कापायला कात्री लावली
तर दारात गौराक्का,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंत चाचपत.
"वितभर ठेव की रे."

काटा धरून भंगारवाला ताटकळला.
फणी काढली,
लोंबत्या तारांसकट चादरीत गुंडाळली.
बॅगेत बसेना.

दोन शर्ट काढून ठेवले.