निवटी

फ्लेमिंगोसाठी मी आधीच आणून ठेवली होती
गुलाबी लोकर, तीन गुंडे, वाशीहून,
आणि पायांसाठी तार.
आमच्याकडे सहल ठरली की
डब्याच्या आधी लोकर ठरते.

येऊरला गेलो तेव्हा माकड.
त्याचा एक हात लांब झालाय,
कारण मी टाके मोजत असतानाच खऱ्या माकडाने
उमाकांतच्या मांडीवरून केळ्यांची पिशवी उचलली
आणि पुढची फेरी मी हसत विणली.
उपवनच्या तळ्यावरचं बदक.
ते बसतं, पण एका कुशीवर कलून,
आमच्या आत्याबाई टीव्हीसमोर बसतात तसं.

ऐरोलीहून होडी सुटली पावणेसातला.
ओहोटी लागली होती.
लांबवर गुलाबी रेघ दिसली
आणि सगळी माणसं एका बाजूला झाली,
होडीसकट.
नाखवा ओरडला,
‘बसा जरा! पाखरां कुठं जात नाय,
तुमीच पराल पान्यान.’
मी बसल्या बसल्या मनात सुरू केलं होतं:
मानेला सहा मुके खांब,
वळणावर एक टाका गाळायचा,
चोचीच्या टोकाला काळा दोरा.

शर्विल तेवढा उलट्या बाजूला.
पाठ पक्ष्यांकडे, हनुवटी होडीच्या काठावर.
‘आई, मासा चालतोय.’

तिवरांच्या मुळांमधून, ओल्या चकाकत्या चिखलावर,
बोटभर जीव.
डोळे थेट टाळूवर,
जणू बाकी सगळं शिवून झाल्यावर
कुणाला तरी आठवलं, अरे, डोळे राहिले.
परांची कोपरं टेकत सरकायचा,
थांबायचा,
आणि उगाच एक उडी.

‘निवटी ती,’ नाखवा म्हणाला,
‘कालवन बेस व्हतं तिचा.’
उतरेपर्यंत शर्विल त्याच्याशी बोलला नाही.
माझ्याशीही नाही,
कारण मी विचारलं होतं,
कोकम घालता की चिंच?

चिखलाच्या रंगाची लोकर दुकानात नसते.
तपकिरी असते, राखी असते,
चॉकलेटी नावाचं एक काहीतरी असतं.
दोन दुकानं झाली, तिसऱ्याने विचारलं,
ताई, हा रंग घालणार कोण?

मग उमाकांतने स्टुलावर चढून
माळ्यावरची बॅग काढली,
बॅगेतून मफलर,
ओझरला तीन हिवाळे नोकरीला होता तेव्हाचा.
‘चिखल चिखल तूच म्हणायचीस ना याला.’
टोक शोधून त्यानेच पहिला धागा ओढला.

उसवली तरी लोकर जुनी वळणं विसरत नाही.
भिजवून, खाली पितळी वाटी बांधून
दोन दिवस टांगली बाल्कनीत.
कबुतरं तेवढे दोन दिवस आली नाहीत.

चार साखळ्या, गोल जोडला,
पोटाकडे टाके वाढवत नेले.
शेपूट एका रात्रीत झालं.
डोळे तीनदा उसवले.
शर्विल समोर बसून, तोंडात खारी,
‘वर. अजून वर.
तिला मागचं पण दिसतं.’

गुलाबी गुंडे तसेच पडून आहेत.
आत्याबाई पायमोजे मागताहेत त्यांचे.

पुढच्या रविवारी बेलापूरच्या जेट्टीला
त्याने खिशातून ती काढली,
उताराखाली चिखलावर ठेवली, पोटावर,
आणि आम्हाला मागे सरकायला लावलं.
आम्ही सरकलो.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
एक खेकडा बाहेर आला, तिला बघून
पुन्हा आत गेला.

उमाकांतने फोटो काढला आहे.
फोटोत नुसता चिखल.
पाहुणे आले की शर्विल फोन मागून घेतो,
बोट ठेवून दाखवतो, ही काय.
दर वेळी वेगळ्या जागी.