पावती

रफाएलकाका अष्टमकर
बडोद्याच्या जामदारखान्यात कारकून, एकोणतीस वर्षं.
दसऱ्याआधी आठ दिवस
जरीचे अंगरखे बाहेर निघायचे
कडुनिंबाचा पाला झटकून,
आणि वहीत ओळ पडायची:
नग एक, बटणं अकरा, डावी बाही किंचित विरलेली.
द्वादशीला परत. सही.

एका रात्री रावपुऱ्यातल्या खोलीत
ते यरुशलेमचा जुना इतिहास वाचत होते.
मधेच थांबले.
"हे ऐक. आपल्या महायाजकाचा झगा
किल्ल्यात कुलपात असायचा.
किल्ली राजाकडे, पुढे रोमच्या सुभेदाराकडे.
सणाच्या सात दिवस आधी मिळायचा, मोहोर तपासून.
सण झाला की जमा.
आणि एरवी, वर्षभर,
किल्लेदार त्या खोलीत रोज एक दिवा लावायचा."
चष्मा काढून पुसला.
"वही कोण लिहीत असेल?"

मी नऊ वर्षांची. मला काठाची घुंगरंच आवडली,
सोन्याची, मधे मधे डाळिंबं,
देवाला चाहूल लागावी म्हणून.
चाहूल राजालाही लागते, काका म्हणाले.
राजाचा मेहुणा सतरा वर्षांचा.
राजानंच त्याला गादीवर बसवलं, घरच्यांच्या हट्टापायी.
तो झगा घालून वेदीपाशी चढला
तेव्हा लोक रडले, इतका शोभला.
तेवढं पुरलं.
यरीहोच्या उकाड्यात, हौदात, खेळता खेळता
कोणी त्याचं डोकं पाण्याखाली धरलं.
झगा कोरडा होता.
झगा जमा झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना
मी सुरसागरकडे बघितलं नाही.

आमच्यात काहान नाहीत.
आम्ही शनवारतेली, कोकणातल्या घाण्यावरून उठून
नोकरीच्या मागे इथवर आलेले.
थोरला मुलगा सोडवायचा तर
काहान मुंबईहून बोलवा, जायचं-यायचं भाडं द्या.
कुठल्या राजाला आमची भीती वाटणार?

संस्थान विलीन झालं त्या वर्षी
नवे साहेब आले, किल्ल्या मागितल्या.
काकांनी जुडगा टेबलावर ठेवला
आणि उभेच राहिले.
"आता काय?"
"पावती."
साहेबांनी न मोजता लिहिलं: किल्ल्या मिळाल्या.
घरी येऊन काकांनी
आपल्या शाईनं खाली जोडलं: नग चौदा.

त्या साली दारफाळणीच्या सणाला
आम्ही दारं लावून बसलो.
पुरुष नऊच. दहावा आणंदहून यायचा होता.
काका पांढऱ्या सदऱ्यात,
जो त्यांच्याच ट्रंकेत असे,
कडीत कुलपाऐवजी बाभळीची काडी.
प्रार्थनेच्या पुस्तकात, महायाजक पडद्याआड जातो त्या पानावर,
ती पावती घडी करून ठेवलेली.
काकांनी ती उचलली, पान वाचलं,
परत तिथंच ठेवली.

बाहेर पायरीवर कोणाची तरी चप्पल वाजली.
नऊही जणांनी दाराकडे पाहिलं.