चार हजार हर्ट्झ

शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या तळघरात
माझी ध्वनिरोधक खोली आहे.
माझी म्हणजे विद्यापीठाची,
पण किल्ली तीन वर्षं माझ्याच पर्समध्ये,
वडगावच्या बसपासाशेजारी.

खासबागचे, शहापूरचे विणकर येतात.
यल्लाप्पा त्यांना खुर्चीत बसवतो,
आधी कन्नडमध्ये सांगतो, मग मराठीत, मग हातांनी:
आवाज आला की बटण दाबा.
नाही आला तर नाही.
ही परीक्षा नव्हे, कोणी नापास होत नाही.
हे शेवटचं मी त्याला म्हणायला शिकवलंय.
खरं नाही ते.

संमतिपत्र दोन लिप्यांत छापलंय.
समितीनं तीनदा परत पाठवलं होतं,
एकदा कन्नडमधल्या चुकीसाठी, एकदा मराठीतल्या,
तिसऱ्यांदा कुठल्याच भाषेत कारण न देता.

कानाच्या आत शंखासारखा गुंडाळलेला जिना आहे.
बारीक, उंच स्वर दारापाशीच थांबतात,
जाडेभरडे आत जातात, पार टोकापर्यंत.
आणि दणका कुठलाही असो, जातो दारावरूनच,
म्हणून दारातल्या पेशी आधी झिजतात,
उंबरा झिजतो तशा.
त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात.
सेमिनारमध्ये हे वाक्य बोलले तेव्हा
मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

सहभागी क्रमांक बासष्ट.
अनुसया, वय त्रेपन्न, यंत्रमाग, सत्तावीस वर्षं.
तिनं चपला खोलीबाहेर काढल्या.
सही कुठल्या बाजूला, म्हणून विचारलं,
आणि मी सांगायच्या आत दोन्हीकडं केली.
हेडफोन चढवताना तिचे केस माझ्या बोटांत अडकले,
सुताचा वास त्यांना अजून आहे.
दार लागल्यावर काचेपलीकडून ओरडली,
"हितं काईच न्हाई की गे!"
आणि मी काही वाजवायच्या आधीच
बटण दाबलं.
शांततेसाठी.

अडीचशेला ठीक. पाचशेला ठीक. हजारला ठीक.
चार हजारवर मी आवाज वाढवत गेले,
चाळीस, पन्नास, साठ.
ती माझ्याकडं बघून हसत होती.
सत्तरला तिचा अंगठा हलला.
बाहेर येऊन म्हणाली, "मी चुकलो काय गे?"

त्या खड्ड्याच्या आसपास स राहतो, श राहतो, फ राहतो.
म्हणजे फोनवर मी
"सुहासिनी बोलतेय" म्हणते तेव्हा
तिच्यापर्यंत पोहोचतं ते उ, आ, इनी.
उरलेलं ती स्वतःच जोडून घेते,
तुटलेल्या धाग्याला चालत्या मागावर गाठ मारावी
इतक्या पटकन,
की मला इतकी वर्षं कळलं नाही.

अंगडी मॅडमनी आलेख बघितला.
"सख्खी आई? वगळ.
तपासणारी तू, तपासली ती. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील."
बरोबरच होतं.
मी ओळ खोडली. एकसष्ट उरले.
सरासरी किंचित सुधारली.

तिला सोडायला स्टॉपपर्यंत गेले.
समोरच्या दुकानाची पाटी पुन्हा रंगवत होते,
कुठली अक्षरं मोठी, कुठली बारीक,
यावर शिडीखाली दोघांचं चाललेलं.
बस आली. ती खिडकीशी बसली
आणि काचेमागून काहीतरी म्हणाली, नुसत्या ओठांनी,
जशी मागाच्या खडखडाटात
पलीकडच्या मल्लव्वाशी बोलायची.
त्या दोघींची ती भाषा
कन्नड नव्हती, मराठीही नव्हती,
तिची पाटी कोणी रंगवली नाही.
मला ती येत नाही.
पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात नाही.

मी मान हलवून हो म्हटलं.

रात्री घरी गेल्यावर कळलं,
येताना शेंगदाणे आण, म्हणत होती.