मागची सीट

सही दोघांची लागते इथे.
नवरा एकटा घर गहाण टाकू शकत नाही,
गोव्याचा हा कायदा मला फार आवडायचा,
त्या दिवसापर्यंत.

डिचोलीत बाजाराच्या वर सोसायटीचं ऑफिस.
मासळीचा वास जिन्याने वर येतो
आणि काचेच्या दाराशी थांबतो.
सगुणने चपला बाहेर काढल्या.
देवळात आलोय का, म्हटलं, घाल परत.

बावीस वर्षं पायलट.
पिवळ्या मडगार्डची ती काळी गाडी
मये, नार्वे, पिळगाव, लाटंबार्से,
बाळंतिणी, मास्तर, पणजीहून उशिरा उतरलेले कारकून
असं सगळं पोचवून शेवटी इंजिनातून बसली.
गाडी नसलेला पायलट
म्हणजे स्टँडवर उभा असलेला नुसता एक माणूस.

सत्तर हजार. फार नाहीत.
टेबलापलीकडची मुलगीसुद्धा म्हणाली,
काकी, एवढं तर छोटंच लोन.

मी मनात चिरे मोजत होते.
घर बांधलं तेव्हा चिरा अकरा रुपयांना होता, आज पंचेचाळीस.
सत्तर हजारांचे साडेपंधराशे चिरे,
म्हणजे स्वयंपाकघर आणि पडवीची एक भिंत.
तेवढंच लिहा, मी म्हटलं.
न्हाणी हवी तर वर घाला.
ती हसली. वाईट नव्हती मुलगी,
नखांना जांभळा रंग होता.
थोडंसं घर असं नसतं काकी,
लोन लहान असलं तरी गहाण अख्खंच जातं.

वकिलाचे तीन हजार, स्टँपचे एकवीसशे,
विमा, आणि प्रोसेसिंग नावाचं काहीतरी.
हातात आले एकसष्ट हजार सहाशे पन्नास.
व्याज मात्र सत्तरावर.
जे पैसे आम्ही पाहिलेच नाहीत
त्यांचंही भाडं भरतोय.

शशिकला सगुण पर्येकर.
माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं.
सात ठिकाणी चांगल्या अक्षरात सही केली.

गाडी आली. सेकंडहँड, पण आवाज गोड.
सगुणने हार घातला, लिंबू ठेवलं,
पहिली फेरी मला मारून आणली.
मागे बसले तेव्हाच मला कळलं
की इथे आधीच कुणीतरी बसलंय.

आता रोज तसंच.
तो सकाळी किक मारतो
आणि घर त्याच्या मागे बसतं,
कौलं सावरत, एका बाजूला पाय घेऊन.
साखळीच्या वळणावर तो कलतो, तेही कलतं.
गिऱ्हाईक नार्व्याला उतरतं, पैसे देतं.
घर उतरत नाही.

चतुर्थीच्या आधी वाळूवर चाक घसरलं.
मनगटाला प्लास्टर, दोन हप्ते चुकले.
चोवीसशे तीसचा हप्ता,
उशीर झाला की त्याला पिल्लं होतात.
फोन यायचे, आधी नमस्कार म्हणणारे,
मग नमस्कार न म्हणणारे.

आणि एक पोरगा आला, पाठीला बॅग.
काही नाही, फक्त फोटो हवाय घराचा.
मी दारात उभी होते, तांदूळ निवडत.
त्याने मोबाईल वर धरला, थांबला.
काकी, जरा बाजूला व्हाल?
मी बाजूला झाले.

कुठेतरी कुणाच्या फाइलीत आता
माझं घर आहे, माझ्याशिवाय.
ऊन चांगलं पडलंय म्हणे.

मी बांगड्या मोडल्या, दोन हप्ते भरले.
अजून सतरा आहेत.
काल कॅलेंडरसाठी भिंतीत खिळा मारायला गेले
आणि हातोडी उचलून तशीच उभी राहिले,
विचारावं की काय कुणाला.
मग मारला. जोरात मारला.
थोडा चिरा उडाला, तो झाडून टाकला नाही,
फडताळात ठेवलाय.

रात्री नऊनंतर कान रस्त्याकडे असतात.
पुलाकडून इंजिनाचा आवाज येतो,
उतारावर गियर बदलतो,
दिवा माडांवरून फिरतो.
मी भात वाढायला घेते.
आले दोघेही.