दांडी

कॅनडा कॉर्नरवरून आणला त्याला अकरा दिवस झाले.
झाकणावरची प्लॅस्टिकची कातडी बाबा काढू देत नाहीत,
"राहू दे, ओरखडा नको."
कोपऱ्यात चार दांड्या दाखवतो, भरलेल्या,
आणि मधेच दांडी मारतो.

पिंपळगावच्या पॅकहाउसला कंटेनर उभा,
थॉमसनचे साडेचार किलोचे खोके आत गार होऊन बसलेत,
आणि त्यांचा तपासणी अहवाल
माझ्या टेबलावर त्र्याऐंशी टक्क्यांवर अडकलेला.
बोरस्ते फोनवर: "ताई, झालं का?"
होतंय, म्हटलं.
त्या गोल फिरणाऱ्या चकतीला काय म्हटलं
ते इथे लिहीत नाही.

राऊटर बंद करून तीसपर्यंत मोजलं
(तीस, कारण गांगुर्डे म्हणाला, दहा पुरत नाहीत).
पासवर्ड विसरायला लावला, पुन्हा शिकवला.
ड्रायव्हर काढून परत घातला.
राऊटर टीव्हीमागून फ्रिजवर,
फ्रिजवरून फळीवर, हिंगाच्या डब्याशेजारी.
मायक्रोवेव्ह दोन दिवस बंद; दूध गॅसवर, एकदा उतू.
पाच गीगाहर्ट्झ, मग दोन पॉइंट चार:
एक वेगवान, पण भिंतीला घाबरणारा;
दुसरा भिंतीतून येतो, पण रमतगमत,
जेलरोडच्या शेअर रिक्षासारखा, वाटेत सगळ्यांना घेत.

गांगुर्डे आला. चप्पल दारात, नजर छताला.
"लाइन फर्स्ट क्लास आहे ताई, शंभरचे शंभर."
त्याच्या मोबाइलवर. माझ्याही मोबाइलवर.
जुन्या लॅपटॉपवरसुद्धा, ज्याचा 'र' निखळलाय,
बिजागरीला रबरबँड आहे,
तो त्याच टेबलावर, त्याच भिंतीआड
बातम्या दाखवतो न अडखळता.
(पोर्टल त्याला उंबऱ्यातच अडवतं, म्हातारा म्हणून.
नाहीतर कशाला.)

बाबांनी भिंग आणलं.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले त्यांनी.
लॅपटॉप उचलून ट्यूबलाइटकडे धरला,
मग स्वतःलाच हसले.
"कधी जातो ते लिहून ठेव.
खोट एकदाच दिसली तर शाईचा डाग.
ठरावीक अंतराने दिसली, तर रोलरमध्ये आहे."

वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं:
११.०७. ११.३१.
१२.४०, जेवून आले तेव्हा.
चार्जर लावलेला असताना: नाही. नाही.
एकदाही नाही.

लावला चार्जर.
त्र्याऐंशी. सत्त्याण्णव.
बोरस्ते: "आला, आला."
इथे थांबता आलं असतं.
पण मीही तपासनिसाची मुलगी.

पावणेचारला सापडलं. डिव्हाइस मॅनेजर,
वायरलेस कार्डाच्या नावावर दोनदा टिचकी,
शेवटच्या पानावर एक चौकोन, मुगाएवढा,
कारखान्यातूनच खूण केलेला:
वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्यास मुभा.
मुभा.
कोणी दिली? मी तर नाही.
जरा कोणी बोलेनासं झालं की हा कान मिटून घ्यायचा,
आणि दांड्या तशाच.

खूण काढली.
"बाबा, सापडलं! रोलरमध्येच होतं!"
ते खिडकीशी पेपर वाचत होते.
मान हलवली. "छान."
हल्ली सगळ्यालाच म्हणतात, छान.
जवळ गेले.
उजव्या कानातल्या यंत्राचं इवलं दार
अर्धं उघडं.
"बंद ठेवलंय?"
माझे ओठ वाचून म्हणाले,
"सेल महाग झालेत गं. तू कामात असतेस,
तेवढ्यात कशाला उगाच."

मागच्या गुरुवारी मी आईविषयी बोलत होते,
बराच वेळ.
त्यांनी मान हलवली होती मधूनमधून,
चारही दांड्या भरून.
तेव्हा दार उघडं होतं का,
ते मी विचारलं नाही.

पाकिटात सहा सेल असतात.
बिटको चौकातल्या औषधाच्या दुकानात मिळतात, बहुतेक.
मी चप्पल घातली.