उशिराचे कारण

आज रात्री दोनाचा एक होणार आहे.
सरकारमान्य.
ग्रंथालयाच्या दारावर कागद चिकटवलाय:
घड्याळं मागे घ्यायला विसरू नका.

म्हणजे एक तास हातचा.
सोमवारी दुपारी बारापर्यंत तीन हजार शब्द द्यायचेत,
झालेत अकराशे,
त्यातले दोनशे मलाच पटत नाहीत.

विषय: समुद्रालगतच्या पुलांत शिरणारं मीठ.
मीठ घाई करत नाही.
काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचायला
कधी तीस वर्षं घेतं, कधी चाळीस,
आणि एकही दिवस रजा टाकत नाही.
हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय
आणि मग उठून चहा केलाय. तीनदा.

डंडीत आले तेव्हा माझं वेळापत्रक बघण्यासारखं होतं.
चार रंगांची पेनं, अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी.
पहाटे पाच: उठणे.
हिरवं वाचन, निळं टिपण,
लाल म्हणजे पर्थ रोडवरच्या दुकानात मासे तळायची पाळी,
जिचा वास केसांतून मंगळवारपर्यंत जात नाही.
काळं कशासाठी होतं, आता आठवत नाही.

ते घेऊन मॉराग मॅडमकडे गेले,
अभ्यास-सल्ला कक्ष, दुसरा मजला.
लहान मुलाचं चित्र धरावं तसं
त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं.
छान आहे, म्हणाल्या.
आता काही दिवस काहीच ठरवू नकोस.
जे झालं तेवढंच लिही. खरं.

मला एकदम बार्शीचा डेपो दिसला.
जाळीच्या खिडकीआड अप्पा, कानावर पेन,
पुढ्यात ती आडवी लांब वही:
सुटण्याची वेळ. प्रत्यक्ष सुटली. उशिराचे कारण.
लोक खिडकीवर हात आपटायचे,
अप्पा शांतपणे लिहायचे: टायर.
लिहायचे: वाहक आला नाही.
एकदा लिहिलं: फाटकात म्हैस.
साहेबांनी बोलावून घेतलं, हे काय कारण झालं?
म्हैस होती साहेब, अप्पा म्हणाले.

मग मीही रकाने आखले.
वाचन सातला. प्रत्यक्ष पावणेनऊला.
कारण: ईफेओमानं भात केला होता, एकटी जेवणार होती.
टिपण नऊला. प्रत्यक्ष साडेदहाला.
कारण: फोन. कुणाचाच नाही, नुसता हातात.
कारण: टे नदीच्या पुलावरून गाडी चालली होती,
दिव्यांची ओळ संपेपर्यंत पाहिली.
कारण: दुसरी गाडी.
कारण: भीती.
हे एवढं लिहायला नऊ दिवस लागले.

मॅडमनी त्यावर बोट ठेवून इतकंच विचारलं,
ही किती वाजता येते?
नवाच्या सुमारास, कोरं पान उघडलं की.
मग साडेआठला उघड,
आणि वाईट लिही. वाटेल तेवढं वाईट.
ती येईल तेव्हा पान तरी कोरं नको.

एक एकोणसाठ.
कोपऱ्यात कुणीतरी जाड पुस्तकावर गाल टेकून झोपलंय.
भिंतीवरचं घड्याळ दोन ओलांडून चालू लागतं,
त्याला कुणी सांगितलेलंच नाही.
फोन मात्र गुमान एकवर येऊन उभा राहतो.
अकराशेचे सोळाशे झालेत. बहुतेक वाईट.

आणि मग ध्यानात येतं:
कालपर्यंत घर साडेचार तासांवर होतं,
आता साडेपाच.

हातच्यातून काढून फोन लावते.
अप्पा निवृत्त झालेत,
पण साडेसहाची सोलापूर गाडी अजून गॅलरीतून सोडतात.
सुटली का?
नाही अजून, ते म्हणतात. आणि तू जागी?
काय कारण?

म्हैस, अप्पा.

हसता हसता त्यांना ठसका लागतो,
मागून हॉर्न ऐकू येतो.

एक बारा. चौदाशे बाकी.