कौल

खानापूरला, कौलांच्या भट्टीमागं,
इनास मेस्त्री आणि मिशनचा देवदान मास्तर
शनिवारी भांडतात
सोळाशे वर्षांमागं वारलेल्या एका बिशपावरून.
कॅथलिक म्हणतो तो आमचा,
प्रोटेस्टंट म्हणतो आमचा.
(आम्हाला नवल नाही.
आमच्या तालुक्यावरही दोघांचा दावा आहे.)

"कृपा एकटीच येते. माती कधी
कुंभाराला ये म्हणते?" मास्तर.
"नसेल म्हणत. पण ऐकते," इनास,
"न ऐकणारी तडकते."

लाकूड मी घालते. आच माझी नाही.
सकाळी भट्टी फोडेपर्यंत
कुठलं खणखणेल, कुठलं बद्द वाजेल,
मी कुणाला विचारत नाही.

परवा वांदरांनी मास्तरचं छप्पर विस्कटलं.
इनास खालून एकेक कौल
बोटानं वाजवून वर देत होता.
मास्तर पाठमोरा,
नुसता हात मागं करून घेत होता.